बारा कोनांचा बोल्ट

पहिलं हत्यार बाहेर येतं ते दहाचा पाना, आणि ते स्टेअरिंगसाठी नाहीच. मिस्त्री बॉनेट उघडतो, बॅटरीच्या निगेटिव्हचा नट सैल करतो, वायर उचलून तिच्या तोंडाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळतो आणि पोराला म्हणतो, "चहा सांग."

गाडीमालक तिशीचा, पाठीला ऑफिसची बॅग, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेला. "काका, आता काढा ना पटकन."

"चहा पिऊन. आत करंट साठलेला असतो."

हे चहाचं निमित्त नाही. अपघातात बॅटरीच तुटली तरी एअरबॅग फुगावी, म्हणून तिच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर बसवलेला असतो. बॅटरी काढल्यावर तो रिकामा व्हायला काही मिनिटं द्यावी लागतात. कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनीच्या काळी हा प्रश्नच नव्हता. हॉर्नचं बटण काढलं की समोर नट. भारतात प्रत्येक नव्या कारमध्ये चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून. ही गाडी त्याआधीची असली तरी हिला एअरबॅग आहे.

बदलापूर गावातल्या या गाळ्यात एकही हत्यार कमरेखाली ठेवलेलं नाही. पाने भिंतीवर खिळ्यांना टांगलेले, गोट्यांचे डबे फळीवर, वेल्डिंगचं मशीन चक्क माळ्यावर. खालचे दोन कप्पे रिकामे. उल्हास नदी इथून जवळ आहे. २६ जुलै २००५ चा पूर गावात कुणाला सांगावा लागत नाही, आणि २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी राहिलेली साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिली. आता जून आहे, सकाळी एक सर पडून गेलीय. समोर एक बाई टोपलीत पळसाच्या पानांवर जांभळं मांडून बसलीय. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण तिच्याकडचं माप अजून तोच पत्र्याचा डबा.

गाडीत बिघाड काहीच नाही. फोक्सवॅगन पोलो, चाकणच्या कारखान्यात जन्मलेली. २००९ च्या अखेरीस ती तिथं बनू लागली आणि २०२२ मध्ये भारतातलं उत्पादन थांबलं. मालकानं ती सेकंडहँड घेतलीय. हातांच्या घामानं स्टेअरिंगचं चामडं गुळगुळीत झालंय, ते त्याला उल्हासनगरात नव्यानं शिवून घ्यायचंय. शिवणारा म्हणतो, चाक सुटं आणून द्या. म्हणजे सगळा खटाटोप एका बोल्टपाशी येऊन थांबतो.

चहा संपतो. मिस्त्री चाक पाव फेरा वळवतो, पाठीमागच्या भोकात बारीक पेचकस घालून चाचपतो. टक. मग दुसऱ्या बाजूला वळवून पुन्हा टक. एअरबॅगची उशी अलगद पुढे येते. तो वायरींचे कनेक्टर नखानं उचकटतो आणि उशी दोन्ही हातांनी, अंगापासून लांब धरून मागच्या सीटवर ठेवतो. कंपनीचं चिन्ह वर. पोरगा तिला हात लावायला जातो तशी त्याला शिवी बसते. उलटी ठेवली आणि चुकून उडाली, तर फुगणारी पिशवी खालून रेटा देईल आणि मागचा धातूचा भाग पापणी लवायच्या आत छताला जाऊन आदळेल. सरळ ठेवली तर फुगायला वर मोकळी हवा आहे.

आता चाक सरळ. मिस्त्री खाली उतरून पुढची चाकंही सरळ आहेत ना ते बघतो, मग आत बसतो. मध्यभागी, खोलगट जागेत, बोल्टचं डोकं दिसतं.

मारुती असती तर एव्हाना सतराची गोटी, छोटं एक्स्टेन्शन आणि टॉमी लावून काम उरकलं असतं. तिथं शाफ्टचे आटे बाहेर आलेले असतात आणि त्यावर साधा षट्कोनी नट. इथं बोल्ट आहे आणि त्याच्या डोक्यात खड्डा. मिस्त्री मोबाईलच्या उजेडात डोकावतो, कोपरे मोजतो. "बारा."

गोणपाटावर हत्यारं पसरली जातात. नाशिकच्या सातपूरहून आलेला टापरियाचा अ‍ॅलन की संच. टॉर्क्सचा संच, ज्याला इथं स्टार म्हणतात. आणि बिस्किटाच्या डब्यातून, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले स्प्लाईन बिट, मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणलेले. आठचा आहे. दहाचा आहे. बाराची जागा रिकामी.

"कात्रपला गेलाय," पोरगा सांगतो. तिथल्या एका गॅरेजवाल्यानं हेड खोलायला नेलाय. मिस्त्री माझ्याकडे बघतो. ब्रेक शू बदलून झालेली माझी स्कूटर दारातच उभी आहे. मी किल्ली पुढे करतो आणि पोरगा उड्डाणपुलाच्या दिशेनं, पूर्वेकडे, दिसेनासा होतो.

खरी परीक्षा आता सुरू होते, आणि ती मालकाची आहे. तो गोणपाटावरचा स्टार उचलतो, टी-५५. "काका, हा बसतोय बघा."

बसतो. आत जातो, तळाला टेकतो, आणि बोटानं हलवला तर किंचित डुलतो. मला विचाराल तर सगळे बोल्ट या किंचितमध्येच मरतात. टॉर्क्सला सहा गोल पाकळ्या. या बोल्टच्या खड्ड्यात एकमेकांवर तीस-तीस अंशांनी फिरवलेले तीन चौकोन, म्हणून बारा कोपरे आणि प्रत्येक कोपरा काटकोनी. पाकळी कोपऱ्यात शिरते, पण भिंतीला सपाट टेकत नाही, धारेवर टेकते. जोर आला की ती धार सोलली जाते, खड्डा गोल होतो आणि मग त्यात काहीच बसत नाही. पुढचा रस्ता ड्रिल मशीनचा.

मिस्त्री एवढं बोलत नाही. तो टी-५५ मालकाच्या हातातून घेतो, आत घालून पुन्हा डुलवून दाखवतो. "हा बसला नाय. हा नुसता आत गेलाय."

"पाईप लावून जोर दिला तर?"

"मग तर नक्कीच जाईल. बोल्ट."

गंमत म्हणजे जोराचा हिशोब मालकाचाच पक्का आहे. तो इंजिनीअर निघतो. तीस सेंटिमीटरच्या दांडीवर वीस किलोचा भार टाकला की साधारण ६० न्यूटन-मीटर, पाईप घालून दांडी साठ सेंटिमीटर केली की १२०. हे तो हवेत बोटं फिरवत मलाच समजावतो. मिस्त्री ऐकतो आणि कापूस गुंडाळलेल्या टोच्यानं बोल्टचा खड्डा साफ करत राहतो. तळाशी कचरा असला तर योग्य बिटसुद्धा पूर्ण खोल जात नाही. कचरा निघतो तसा डोक्यावर एक बारीक ठिपका दिसतो, पंचनं मारलेला.

"आधी कुणीतरी खोललंय."

"मी नाही खोललं," मालक घाईनं म्हणतो.

"तुमच्या आधीच्यानं. पण शहाण्याकडून खोलून घेतलं."

असे बोल्ट काही गाड्यांमध्ये मोजक्याच वेळा परत वापरायचे असतात आणि दरवेळी डोक्यावर एक ठिपका मारायचा असतो, म्हणजे पुढच्याला कळतं. सर्व्हिस बुक हरवतं, गाडीचे मालक बदलतात. ठिपका जागच्या जागी राहतो.

पोरगा परततो. स्कूटरच्या डिकीत बिट, आणि सोबत शर्टच्या खिशात जांभळं, खिसा जांभळा. मिस्त्री बिट पुसतो, आत घालतो, डुलवून बघतो. हलत नाही. गोटी, छोटं एक्स्टेन्शन, लांब दांडी. इम्पॅक्ट गन फळीवर आहे, तिच्याकडे तो बघतही नाही.

"साहेब, चाक धरा. दोन्ही हातांनी, घट्ट. लॉकवर भरवसा ठेवू नका."

हे महत्त्वाचं आहे. किल्ली काढून स्टेअरिंग लॉक करायचं आणि त्याच्या आधारावर बोल्ट पिळायचा, हा आळशी मार्ग; लॉकची जीभ त्या ताकदीसाठी बनवलेली नसते. मालक दरवाज्यातून वाकून चाक मिठीत घेतो. मिस्त्री दांडीवर झटका देत नाही, हळूहळू वजन टाकत जातो. बोल्ट करकरतो. एवढंच. ज्यासाठी तासभर गेला ते काम तीन सेकंदांचं.

दोन-तीन फेरे झाल्यावर तो थांबतो. बोल्ट पूर्ण काढत नाही, चार आटे आत ठेवतो. मार्करनं चाकावर आणि शाफ्टवर मिळून एक रेघ ओढतो, म्हणजे परत बसवताना दातावर दात येईल. मग चाक दोन्ही बाजूंनी धरून आलटून पालटून हलवतो. हातोडी नाही, अपघातात आत दबावा असाच स्टेअरिंगचा खांब केलेला असतो, ठोकाठोक त्याला मानवत नाही. चाक एकदम सुटतं आणि त्या चार आट्यांवर अडतं. ते नसते तर मिस्त्रीच्या दातांवर आलं असतं.

बोल्ट बाहेर. चाक बाहेर. मागे राहिलेल्या क्लॉक स्प्रिंगवर तो लगेच कागदी टेपची पट्टी चिकटवतो. तिच्यात हॉर्नची आणि एअरबॅगची वायर फितीसारखी गुंडाळलेली असते. कुणी सहज बोटानं फिरवली तर मधला बिंदू चुकतो आणि नंतर वळणावर फीत तुटते.

"किती झाले?" मालक विचारतो.

"बसवल्यावर द्या. आणि येताना नवा बोल्ट मिळाला तर घेऊन या, नाय मिळाला तर दुसरा ठिपका मारू." मग जरा थांबून, "कात्रपवाल्याला मात्र एक चहा लागेल."

मालक चाक काखेत मारून रस्त्यावर येतो. पिशवीत ते मावत नाही. स्टेशनकडे जाणारी शेअर रिक्षा थांबते, आत आधीच दोघं बसलेले. तो चाक पोटाशी धरून तिसऱ्या जागेवर सरकतो. रिक्षावाला आरशातून बघतो, गियर टाकतो.

"काय साहेब, बाकीची गाडी पुढच्या हप्त्यात का?"