कोळसा खाणीतील महिला अभियंता

चंद्रपूर जिल्ह्यातील अभियांत्रिकीच्या नोकऱ्या बहुतांशी कोळशाभोवती फिरतात. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, दुर्गापूर या पट्ट्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत. त्यांच्या कोळशावर २,९२० मेगावॉटचे महाऔष्णिक वीज केंद्र चालते आणि गडचांदूर-आवारपूरकडे सिमेंटचे कारखाने आहेत. कारखान्यांत स्त्रियांची अडचण मुख्यतः रात्रपाळीची होती; खाणीत तर कायद्यानेच बंदी होती. खाण अधिनियम, १९५२ च्या कलम ४६ नुसार स्त्रीला भूमिगत खाणीत कामावर ठेवता येत नसे आणि जमिनीवरच्या कामालाही सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढीच मुभा होती.

ही बंदी शारीरिक क्षमतेचा विचार करून आली, असे सरसकट मानले जाते. इतिहास वेगळे सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातील कोळसा खाणींत हजारो स्त्रिया जमिनीखाली कोळसा वाहत होत्या. १९२९ च्या नियमांनी त्यांना टप्प्याटप्प्याने बाहेर काढले. दुसऱ्या महायुद्धात कोळशाची निकड भासताच १९४३ मध्ये मध्य प्रांतासह काही ठिकाणी बंदी उठली आणि युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. गरज असली की स्त्री सक्षम आणि गरज सरली की नाजूक, असा हा हिशेब होता.

अभियंता स्त्रीसाठी या बंदीचा फटका नोकरी न मिळण्यापुरता नव्हता. खाणीत वर चढायचे तर नुसती पदवी पुरत नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा देऊन मॅनेजरचे सक्षमता प्रमाणपत्र मिळवावे लागते. भूमिगत खाणीचे व्यवस्थापन करण्यास पात्र ठरवणाऱ्या प्रमाणपत्रासाठी जमिनीखालच्या कामाचा अनुभव लागतो. हेल्मेटवर कॅप लॅम्प आणि कमरेला सेल्फ-रेस्क्यूअर लावून उतरायचे, मिथेन मोजायचा, छताला मारलेले बोल्ट तपासायचे, हवा खेळती आहे ना ते पाहायचे, हे सारे त्यात येते. जिला खाली उतरण्याचीच मनाई, तिला हा अनुभव मिळणार कुठून? त्यामुळे हुशार मुलगीही नियोजन, सर्वेक्षण किंवा संशोधनाच्या टेबलावर थांबायची. नागपूरच्या चंद्राणी प्रसाद वर्मा या देशातील पहिल्या महिला खाण अभियंता म्हणून ओळखल्या जातात. त्यांना या शिक्षणासाठी न्यायालयात दाद मागावी लागली. पुढे त्या खाण संशोधनात नावारूपाला आल्या.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने सवलत दिली. खुल्या खाणीत लेखी संमतीने आणि किमान तिघींच्या गटाने रात्रपाळी, तर भूमिगत खाणीत दिवसा तांत्रिक, पर्यवेक्षी व व्यवस्थापकीय काम करता येऊ लागले. २०२१ मध्ये झारखंडच्या चुरी भूमिगत खाणीत खाण अभियंता आकांक्षा कुमारी रुजू झाल्या. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने संमती आणि सुरक्षिततेच्या अटीवर सर्व प्रकारची कामे स्त्रियांना खुली केली.

२०१९ च्या सवलतीतील 'किमान तिघी' ही अट वाचताना साधी वाटते. पण ज्या खाणीत एकच महिला अभियंता असे, तिथे या अटीमुळे तिला रात्रपाळी मिळत नसे. पाळीप्रमुखाचा अनुभव हुकला की बढतीच्या वेळी तेच तिच्याविरुद्ध जाते. एकेका खाणीत एकेकीला नेमण्यापेक्षा काही खाणींत चार-पाच जणींची तुकडी नेमणे हा यावरचा सरळ उपाय आहे. बाकीच्या गरजा रोजच्या आहेत: जमिनीखाली शौचालय, मापाचे बूट व हेल्मेट, वसाहतीत पाळणाघर, पाळीसोबत धावणारी बस. चंद्रपुरात बसचा प्रश्न जिवाशी निगडित आहे. खाणींच्या माती-दगडांच्या ढिगाऱ्यांवर उगवलेल्या झुडपांत वाघ-बिबटे वावरतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाच्या हल्ल्यात एका कामगाराचा जीव गेला. हा धोका पुरुषालाही तेवढाच आहे, तरी या धोक्याच्या नावाने रात्रपाळीतून वगळली जाते ती स्त्री.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात चित्र नुकतेच बदलू लागले आहे. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या लोहखनिज खाणीत आदिवासी तरुणी प्रशिक्षण घेऊन अजस्र डंपर चालवतात. हे पाऊल मोठे आहे, पण स्टिअरिंगपासून अभियंत्याच्या खुर्चीपर्यंतचे अंतर शिक्षणानेच कापावे लागते. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने खाण कंपनी लॉइड्स मेटल्स आणि ऑस्ट्रेलियातील कर्टिन विद्यापीठाशी केलेल्या करारातून खाण अभियांत्रिकीचे शिक्षण जिल्ह्यातच मिळण्याची वाट उघडली आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील पात्र मुलींना राज्य सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ केले. तरीही भामरागड, सिरोंच्याच्या मुलीला तिथवर पोहोचायला आधी बारावीपर्यंत गणित-भौतिकशास्त्राचे शिक्षक आणि राहायला सुरक्षित वसतिगृह लागते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो.