कार्ड फॉरमॅट करताय? जरा थांबा!

रात्रीचे अकरा वाजलेत. आंधळगावच्या घरी तुम्ही लॅपटॉप उघडून बसलाय. दिवसभर शेजारच्या विणकर काकांकडे कोसा साड्यांचे फोटो काढलेत. काकूंनी एकेक करवती साडी उलगडून दाखवली. त्यातल्या दोन उद्या सकाळीच गिऱ्हाइकाकडे जाणार. म्हणजे त्यांचे फोटो पुन्हा काढता येणार नाहीत. तुम्ही कार्ड लावलं, इम्पोर्ट दाबलं आणि पट्टी अर्ध्यावर येऊन अडकली. पंखा घरघरतोय, अर्धे फोटो करडे दिसतायत, माउस हलत नाही.

आता तुम्ही काय करणार? बहुतेक जण पॉवरचं बटण दाबून धरतात. लॅपटॉप पुन्हा सुरू होतो, फोटो दिसतात, हायसं वाटतं आणि उद्याच्या शूटसाठी कार्ड फॉरमॅट होतं. खरा घोळ होतो तो इथेच!

इम्पोर्ट म्हणजे कॉपी नव्हे

लाइटरूम क्लासिक असो की फुकट मिळणारं डार्कटेबल, ही सॉफ्टवेअर्स फोटो स्वतःच्या पोटात ठेवत नाहीत. ती ठेवतात नोंदवही. कुठला फोटो कुठल्या फोल्डरमध्ये आहे आणि तुम्ही त्यावर काय काय केलं, एवढंच त्या वहीत असतं. लाइटरूममध्ये तिला कॅटलॉग म्हणतात, डार्कटेबलमध्ये लायब्ररी.

म्हणून इम्पोर्टच्या खिडकीत कुठला पर्याय निवडला ते आधी बघा. ‘कॉपी’ निवडलं तर फोटो लॅपटॉपवर येतात. ‘ॲड’ निवडलं तर फक्त नोंद होते, फोटो मात्र कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर जिथे होता तिथेच राहतो. डार्कटेबलमध्येही ‘ॲड टू लायब्ररी’ आणि ‘कॉपी अँड इम्पोर्ट’ ही दोन वेगळी बटणं आहेत. पडद्यावर छोटी चित्रं दोन्ही वेळा सारखीच दिसतात. फरक कळतो कार्ड काढल्यावर. तोवर ते फॉरमॅट झालं असेल तर संपलंच.

करडे फोटो, न उघडणारे फोटो

लाइटरूमच्या इम्पोर्ट खिडकीत काही फोटो करडे दिसले तर घाबरू नका. ‘संशयित डुप्लिकेट घेऊ नका’ हा पर्याय चालू असेल, तर आधी घेतलेले फोटो तसेच दिसतात. उलट हा पर्याय फार कामाचा आहे. इम्पोर्ट मध्येच तुटलं तर तो चालू ठेवून पुन्हा इम्पोर्ट करा, राहिलेलेच फोटो येतील.

फोटो मुळीच उघडत नसतील तर कॅमेरा आणि सॉफ्टवेअर यांची वयं जुळवून बघा. कॅननने २०१८ मध्ये ईओएस एम५० सोबत सीआर३ ही नवी रॉ फाइल आणली. डार्कटेबलला ती वाचता यायला डिसेंबर २०२१ मधली ३.८ आवृत्ती यावी लागली. मित्राचा नवा कॅमेरा आणि तुमचं जुनं सॉफ्टवेअर अशी जोडी असेल तर दोष फोटोचा नाही. आधी अपडेट करा.

मागे काय चाललंय?

इम्पोर्टची पट्टी संपली म्हणजे काम संपलं असं नाही. सॉफ्टवेअर मागच्या मागे प्रीव्ह्यू बनवत असतं, चेहरे शोधत असतं, क्लाउडशी जुळवाजुळव करत असतं. लाइटरूम क्लासिकमध्ये वर डाव्या कोपऱ्यातल्या लोगोवर क्लिक केलं की ही यादी उघडते. चेहरे शोधणं तिथूनच थांबवता येतं. लॅपटॉप जुना असेल तर इम्पोर्ट करताना १:१ प्रीव्ह्यू मागू नका, ‘मिनिमल’ किंवा ‘एम्बेडेड’ पुरे. मोठे प्रीव्ह्यू रात्री झोपताना लावून द्या. फक्त चार्जर लावा आणि लॅपटॉप स्लीपमध्ये जाणार नाही एवढं बघा.

थोडा हिशेबही करा. एक रॉ फोटो साधारण ३० एमबीचा धरला तर हजार फोटो म्हणजे ३० जीबी. जुन्या यूएसबी २ च्या कार्ड रीडरमधून सेकंदाला ३० एमबीच्या आसपास येतात. म्हणजे नुसत्या कॉपीलाच सतरा-अठरा मिनिटं! त्यात डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर विचारूच नका. सी ड्राइव्हवर मोकळी जागा ठेवा.

आणखी एक गंमत. इम्पोर्ट झाल्यावर फोटो क्षणभर झकास दिसतो आणि मग एकदम फिका पडतो. ‘सॉफ्टवेअरने रंग खराब केला’ असं वाटतं. तसं नसतं. आधी दिसतो तो कॅमेऱ्याने स्वतः बनवलेला जेपेग, नंतर दिसते सॉफ्टवेअरने वाचलेली रॉ फाइल. कोशाचा तो नैसर्गिक मधाळ रंग दाखवायचा असेल तर या फिक्या फोटोवरच काम करायचंय. पण प्रीव्ह्यू पूर्ण होऊ द्या. अर्धवट प्रीव्ह्यू बघून रंग ठरवला तर साडी एका रंगाची, फोटो दुसऱ्याच. गिऱ्हाईक साडी परत पाठवेल आणि फटका बसेल विणकराला.

लाइट गेली तर?

आपल्याकडे हा प्रश्न विचारावाच लागतो. मध्येच बंद पडल्यावर सॉफ्टवेअर कधी कधी ‘कॅटलॉग वापरात आहे’ किंवा ‘डेटाबेस लॉक आहे’ म्हणून उघडायला नकार देतं. आधी टास्क मॅनेजरमध्ये ते मागे चालू नाही ना, ते बघा. नसेल तर कॅटलॉगशेजारी नावात ‘लॉक’ असलेली छोटी फाइल राहिलेली असते, फक्त तेवढीच काढा. ‘जर्नल’ किंवा ‘वॉल’ नावाच्या फाइलला हात लावू नका, शेवटचं काम त्यातच असू शकतं. लाइटरूम बंद करताना बॅकअप विचारतं, तेव्हा दर वेळी ‘नंतर’ म्हणू नका.

शेवटी एकच सवय

कार्ड बाहेर काढा. मग लॅपटॉपच्या फोल्डरमध्ये जाऊन फाइल्स मोजा. पहिला, मधला आणि शेवटचा फोटो पूर्ण मोठा करून बघा. दुसरी प्रत एखाद्या हार्ड डिस्कवर टाका. हे सगळं झाल्यावरच कार्ड फॉरमॅट करा.

आणि चुकून आधीच फॉरमॅट झालं असेल तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. जुन्याच्या जागेवर नवं लिहिलं गेलं की परतीची वाट बंद होते. फोटोरेक हे फुकट सॉफ्टवेअर अशा कार्डावरून बऱ्याचदा फोटो परत काढून देतं. मात्र ते नेहमी दुसऱ्या डिस्कवर उतरवा.

करवती साडीचा काठ विणताना तीन धोटे सांभाळावे लागतात. त्यात घाई करून चालत नाही, हे काकांना कुणी शिकवावं लागत नाही. त्यांनी इतके दिवस मागावर बसून विणलेली साडी उद्या गावाबाहेर जाईल. तिचा फोटो तेवढा तुमच्याकडे राहणार आहे. त्यासाठी आज रात्री अर्धा तास जास्त जागलात तर काय बिघडलं?