हरवलेलं पॅकेट परत मागायचं का?

पुण्यात संगणक अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना सॉकेट प्रोग्रामिंगचं, म्हणजे दोन प्रोग्रॅमना नेटवर्कवरून एकमेकांशी बोलायला लावण्याचं, प्रॅक्टिकल चुकत नाही. सी भाषेत एक सर्व्हर लिहायचा, एक क्लायंट लिहायचा, दोन्ही एकाच संगणकावर चालवायचे. पत्ता १२७.०.०.१, म्हणजे स्वतःचाच. एका खिडकीत टाइप केलेलं ‘हॅलो’ दुसरीत उमटलं की जर्नलवर सही मिळते. मग तोच प्रयोग पुन्हा: आधी टीसीपीने, नंतर यूडीपीने. दोन्ही वेळा पडद्यावर अगदी तेच दिसतं. माहितीचं पॅकेट संगणकाबाहेर पाऊलच टाकत नाही, मग ते हरवणार कुठे? त्यामुळे या दोन पद्धतींतला खरा फरक प्रयोगशाळेत जवळजवळ कळतच नाही.

तो कळायला नाशिक रस्त्याने सुमारे ८० किलोमीटर जावं लागतं. नारायणगावजवळच्या खोडद परिसरात जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण पसरलेली आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांतल्या १४ मध्यभागी दाटीने, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर, शेतांमधून दूरवर गेलेल्या. सगळा विस्तार सुमारे २५ किलोमीटरचा. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्र, एनसीआरए, ती चालवतं. हे केंद्र गणेशखिंडीला, पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहे.

सॉकेटचा जन्म मात्र कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातला. १९८३ साली तिथल्या युनिक्सच्या ४.२ आवृत्तीत सी भाषेसाठी काही मोजकी फंक्शनं आली आणि जग आजही तीच वापरतं. ‘सॉकेट’ हे फंक्शन एक साधा पूर्णांक परत देतं. पुढे सगळा व्यवहार त्या आकड्याच्या नावाने. सर्व्हर ‘बाइंड’ने पत्ता आणि पोर्ट ठरवतो, ‘लिसन’ने कान उघडतो, ‘ॲक्सेप्ट’ने आलेल्याला आत घेतो. क्लायंट फक्त ‘कनेक्ट’ म्हणतो. यातली बहुतेक फंक्शनं म्हणजे कर्नलपर्यंत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापर्यंत, निरोप पोचवणारी पातळ आवरणं. नंतर आलेलं, नावावरून पत्ता शोधणारं ‘गेटॲड्रइन्फो’ तेवढं सी लायब्ररीच्या आत राहून खरी मेहनत करतं.

सर्वांत मोठा निर्णय पहिल्याच ओळीत होऊन जातो. ‘सॉकेट’ला तीन गोष्टी सांगाव्या लागतात आणि त्यांतली दुसरी विचारते: प्रवाह हवा की सुटी पॅकेटं? प्रवाह मागितला तर टीसीपी मिळतं. ते बोलणं सुरू करण्याआधी तीन निरोपांची देवाणघेवाण करतं, पाठवलेल्या प्रत्येक बाइटचा हिशेब ठेवतं, हरवलेलं पुन्हा पाठवतं. सुटी पॅकेटं मागितली तर यूडीपी. ते पॅकेट पाठवतं आणि विसरून जातं.

दुर्बिणीला दोन्ही प्रकारचे व्यवहार असतात. अँटेनाला ‘अमुक कोनात वळ’ असा आदेश द्यायचा तर तो पोचलाच पाहिजे. एक जरी निरोप गळाला तरी २९ अँटेना एका ताऱ्याकडे आणि तिसावी भलतीकडे पाहत राहील. असं काम टीसीपीचं. पण इथेही एक मेख आहे. समोरचा संगणक बंद असेल तर साधं ‘कनेक्ट’ लगेच हार मानत नाही. ते पुन्हा पुन्हा दार ठोठावतं, दर वेळी दुप्पट थांबतं आणि लिनक्सच्या बऱ्याच आवृत्त्यांत दोन मिनिटांहून अधिक काळ अडकून बसतं. एकामागोमाग एक अँटेना जोडत जाणारा प्रोग्रॅम तेवढा वेळ गोठतो. म्हणून जाणता प्रोग्रॅमर सॉकेट ‘नॉन-ब्लॉकिंग’ करतो, सगळ्या जोडण्या एकदम सुरू करतो आणि किती थांबायचं ते स्वतः ठरवतो.

आकाशातून येणाऱ्या माहितीचं गणित निराळं. जीएमआरटीच्या सुधारित रूपात एका वेळी ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा ऐकता येतो. तेवढा पट्टा टिपायला सेकंदाला किमान ८० कोटी नोंदी लागतात. एका नोंदीला अर्धाच बाइट धरला तरी एका अँटेनाच्या एका ध्रुवणामागे सेकंदाला ४० कोटी बाइट होतात. अँटेना ३०, प्रत्येकीची ध्रुवणं दोन. मध्यवर्ती इमारतीत अँटेनांकडून आलेले संदेश आकड्यांत बदलले जातात, एफपीजीए चिप त्यांची पॅकेटं बांधतात आणि दहा गिगाबिट इथरनेटवरून ती ग्राफिक्स प्रोसेसर बसवलेल्या संगणकांकडे धाडतात. हरवलेलं परत पाठवायचं तर चिपला प्रत्येक पॅकेटची प्रत जपावी लागेल आणि तोवर पुढचा लोंढा मागून येऊन थडकलेला असेल. म्हणून अशा ठिकाणी यूडीपी. पॅकेटात अनुक्रमांक घातला की घेणाऱ्याला निदान कळतं, भोक नेमकं कुठे पडलं. तेवढ्या क्षणाची नोंद बाद करून पुढे जायचं.

आणि पॅकेट बहुधा तारेत हरवत नाही. ते घेणाऱ्या संगणकाच्या पोटात हरवतं. प्रत्येक सॉकेटमागे कर्नल थोडी जागा राखतो. लिनक्सवर ती सहसा २,१२,९९२ बाइट असते. सेकंदाला ४० कोटी बाइट येत असतील तर ही जागा अर्ध्या मिलिसेकंदात भरते. प्रोग्रॅमला वाचायला तेवढा जरी उशीर झाला, तरी पुढची पॅकेटं कर्नल गुपचूप टाकून देतो. प्रोग्रॅमला चूक झाल्याचा संदेशही येत नाही. ‘सेटसॉकऑप्ट’ने ही जागा वाढवता येते, पण यंत्रणेची कमाल मर्यादा आधी वाढवलेली हवी. ‘सेटसॉकऑप्ट’ची ओळ प्रॅक्टिकलमध्ये शिकवली जायला हवी असं मला ठामपणे वाटतं.

तसंच बाइटच्या क्रमाचं. इंटेलचे प्रोसेसर संख्येचा लहान भाग आधी ठेवतात, नेटवर्कवर मोठा भाग आधी जातो. ‘एचटॉन्स’ हे रूपांतराचं फंक्शन विसरलं की पोर्ट ८० मागणारा प्रोग्रॅम निमूटपणे २०४८० वर जातो. टीसीपीतली नेहमीची चूक आणखी फसवी. शंभर बाइट एकदम पाठवले म्हणून ‘रिसीव्ह’च्या एकाच हाकेत शंभर मिळतील असं नाही. कधी साठ येतात, उरलेले चाळीस पुढच्या हाकेला. एकाच संगणकावर हे सहसा घडत नाही, त्यामुळे चूक लपून राहते आणि दूरच्या अँटेनाशी बोलताना उघडी पडते.

आकाश काही गोष्टी एकदाच सांगतं. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं स्कियापरेल्ली यान मंगळाच्या वातावरणातून उतरत असताना त्याचा क्षीण रेडिओ संदेश जीएमआरटीने टिपला होता. यान पृष्ठभागावर पोचायच्या थोडं आधी तो थांबला. पुन्हा पाठवा म्हणायला तिथे कुणीच उरलं नव्हतं.

एवढ्या अँटेनांचं नियंत्रण आता हाताने लिहिलेल्या एकेका सॉकेटवर चालवणं अवघड झालं आहे. सुधारित जीएमआरटीसाठी एनसीआरएने टँगो ही मुक्त स्रोत नियंत्रणप्रणाली स्वीकारली. तिच्या तळाशी असलेली कोर्बा आणि झिरोएमक्यू ही दोन्ही साधनं शेवटी टीसीपी सॉकेटच उघडतात. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या एसकेए दुर्बिणीनेही टँगोच निवडली आहे, आणि त्या दुर्बिणीच्या नियंत्रणव्यवस्थेच्या आखणीचं नेतृत्व पुण्याच्या एनसीआरएकडे होतं. तिथे डिशची संख्या १९७ असेल आणि कमी वारंवारतेच्या अँटेनांची १,३१,०७२.