विद्रोहाचे हसू

विद्रोही कलावंताने खेळकर व्हावे काय, हा प्रश्न माझे विद्यार्थी मला अनेकदा विचारतात. त्यामागची भीती मी समजू शकतो. आपल्या दुःखाची थट्टा होईल, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली थट्टाच केली त्यांच्या हाती आयते कोलीत मिळेल, अशी ती भीती आहे. नुसत्या तत्त्वचर्चेने ती जाणार नाही. म्हणून एका कलावंताचे कामच मी येथे मांडतो.

डेव्हिड हॅमन्स हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंत १९४३ साली इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जन्मला. १९६३ साली तो लॉस एंजेलिसला गेला, पुढे न्यूयॉर्कला. साठोत्तरी वर्षांत त्याने कुंचला बाजूला ठेवला. अंगाला आणि कपड्यांना मार्गारिनसारखा तेलकट पदार्थ चोळायचा, कागदावर अंग दाबायचे, आणि उमटलेल्या ठशावर रंगाची पूड भुरभुरायची, अशी त्याची रीत. पोरखेळच वाटावा! पण ज्या कातडीवरून माणसाची पायरी ठरवली गेली, तीच कातडी येथे चित्र काढू लागली.

१९६९ साली शिकागोच्या न्यायालयात ब्लॅक पँथर पक्षाचे एक संस्थापक बॉबी सील ह्यांना न्यायाधीशाच्या हुकमाने खुर्चीला जखडून, तोंड बांधून बसवण्यात आले. हॅमन्सने १९७० साली ‘इनजस्टिस केस’ ह्या कृतीत अंगाच्या ठशातून तो जखडलेला माणूस उभा केला, आणि त्याच्याभोवती चौकट म्हणून अमेरिकेचा झेंडा लावला. त्याच ब्लॅक पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले. तेव्हा ही कला आपल्याला परकी नाही.

पुढे त्याचा खेळ रस्त्यावर आला. १९८३ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या कूपर स्क्वेअरमध्ये, फुटपाथवरच्या विक्रेत्यांच्या रांगेत, तो बर्फाचे गोळे मांडून बसला. लहानमोठे गोळे नीट ओळीने लावलेले, आणि आकाराप्रमाणे त्यांचा भाव. फुकट पडलेला, हातात घेताच वितळणारा माल! वस्तूची किंमत कोण ठरवतो, कलादालनातली वस्तू कशाने मोलाची होते आणि पथाऱ्यावरची कशाने कवडीमोल, हे त्याने एका शब्दाचेही भाषण न करता विचारले.

१९८६ साली ब्रुकलिनमधील एका उद्यानात त्याने ‘हायर गोल्स’ उभारले. उंच खांबांना बाटल्यांची हजारो बुचे नक्षीसारखी ठोकलेली, आणि टोकाला बास्केटबॉलची कडी. काही खांब तीस फुटांच्या घरात. तेथवर कोणाचा चेंडू पोचणार? खेळाडू होऊन श्रीमंत होण्याचे जे एकच स्वप्न काळ्या वस्तीतल्या पोरांपुढे धरले जाते, त्याची उंचीच त्याने मोजून दाखवली. हा चिमटा स्वतःच्याच समाजाला होता.

असा चिमटा महागही पडतो. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढलेले काळे नेते जेसी जॅक्सन ह्यांचे, गोरी कातडी, सोनेरी केस आणि निळे डोळे असलेले भव्य चित्र त्याने केले. हा माणूस गोरा असता तर, असा त्याचा सवाल. १९८९ साली वॉशिंग्टनमध्ये ते रस्त्यालगत लागताच काळ्या तरुणांच्या एका जमावाला तो आपल्या नेत्याचा अपमान वाटला. त्यांनी घणांचे घाव घालून ते पाडले. हॅमन्सने पुढे ते चित्र घणांसकट प्रदर्शनात मांडले. लोकांचा राग त्याने कलाकृतीतच सामावून घेतला. माझ्या मते त्याच्या खेळकरपणाची खरी कसोटी येथे लागते.

आपल्याकडे ही परंपरा नाही असे कोण म्हणेल? तमाशातला सोंगाड्या राजाला चार गोष्टी ऐकवतो त्या हसतहसतच. सत्यशोधक जलशांनी भटशाहीची टर उडवली. आंबेडकरी जलशांनी तेच हत्यार गावोगाव नेले. दलिताने फक्त रडावे आणि इतरांनी हळहळावे, ही अपेक्षा प्रस्थापितांची आहे. ती आपण का पाळावी?

मात्र एक भान हवे. हॅमन्सचा प्रत्येक खेळ कोणत्या तरी सत्तेला किंवा भ्रमाला प्रश्न विचारतो. तो प्रश्न काढून घेतला तर मागे नुसती गंमत उरेल. आमच्या तरुण चित्रकारांनी महाग कॅनव्हासची वाट पाहू नये. वस्तीत बुचे आहेत, चिंध्या आहेत, माती आहे. त्यांतून कोणता प्रश्न विचारायचा, एवढे मात्र आधी ठरवावे.