खाण्याचे बी, पेरण्याचे बी

निगडी-प्राधिकरणातील रिकाम्या भूखंडांवर, आकुर्डीच्या लोहमार्गालगत आणि चाकणच्या कारखान्यांच्या कुंपणांशी पावसाळ्यात माजणारे गाजर गवत हे बियाण्यांच्या आयातीवर नियम का लागतात याचे सर्वांत जवळचे उदाहरण होय. मूळची उष्ण अमेरिकेतील ही वनस्पती भारतात फोफावू लागल्याची ठळक नोंद १९५५ साली पुण्यात झाली आणि ती आयात गव्हाबरोबर आली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. लोकांच्या तोंडी याचे खापर ‘पीएल ४८०’ या अमेरिकी धान्य-मदत योजनेच्या गव्हावर फुटते. परंतु त्या योजनेखालचा भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला असल्याने, गव्हावरचा आरोप खरा धरला तरी तो त्याआधीच्या गव्हाकडे जातो. गहू दळण्यासाठी आला होता, पेरण्यासाठी नव्हे. त्यात मिसळलेले तणाचे बी मात्र रुजले, आणि आज त्याच्या स्पर्शाने होणारे त्वचाविकार पुणे परिसराला नवे राहिलेले नाहीत.

कायद्याने खाण्याचे बी आणि पेरण्याचे बी यांच्या वाटा वेगळ्या आखल्या आहेत, आणि आयातदाराची बहुतेक जोखीम या दोन वाटांची गल्लत होण्यातून उद्भवते. भारतात या नियंत्रणाची सुरुवात १९०६ साली, अमेरिकी कापसातून बोंड पोखरणारा सोंड्या भुंगा येऊ नये म्हणून आयात गाठींना विषारी वायूची धुरी सक्तीची करण्यापासून झाली. १९१४ साली विनाशकारी कीटक व कीड कायदा झाला आणि त्याच कायद्याच्या आधारे २००३ चा वनस्पती संगरोध आदेश आजही लागू आहे. संगरोध म्हणजे परदेशी माल तपासून निर्धोक ठरेपर्यंत अडवून ठेवणे. चाकणच्या उद्योगांना हा आदेश बियाण्यांपेक्षा यंत्रसामग्रीच्या लाकडी खोक्यांमुळे अधिक परिचित असावा, कारण त्या लाकडावरही उष्णता किंवा धुरीची प्रक्रिया झाल्याचा शिक्का लागतो.

या आदेशाच्या परिशिष्टांत कोणते पीक कोणत्या देशातून व कोणत्या अटींवर आणता येईल याच्या याद्या आहेत. काही माल पूर्णपणे निषिद्ध आहे, काही केवळ अधिकृत संस्थांनाच आणता येतो, तर काहींसाठी अमुक रोग आमच्याकडे नाही असे निर्यातदार देशाने लिहून द्यावे लागते. यादीत नसलेल्या पिकासाठी किंवा देशासाठी आधी कीड-जोखीम विश्लेषण, म्हणजे तो माल आल्यास कोणती कीड शिरू शकेल याचा शास्त्रीय अभ्यास, पूर्ण व्हावा लागतो आणि तोवर कितीही मोठी मागणी असली तरी माल आणता येत नाही. पेरणीच्या बियाण्यासाठी आयात परवाना आणि निर्यातदार देशाच्या सरकारी यंत्रणेचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र ही दोन्ही लागतात. असे बियाणे कोणत्याही बंदरातून उतरवता येत नाही. मूळ आदेशाने त्यासाठी अमृतसर, चेन्नई, कोलकाता, मुंबई व नवी दिल्ली येथील प्रादेशिक केंद्रे नेमली. काही रोपवर्गीय माल तर देशात आल्यावरही ठरावीक काळ देखरेखीखाली वाढवून दाखवावा लागतो.

खाण्याच्या मालाची वाट तुलनेने सोपी असली तरी मोकळी नाही. न्हावा-शेवा येथे कंटेनर उघडल्यावर पोकळ सळई पोत्यात खुपसून नमुना काढला जातो, तो चाळून त्यातील किडे, मातीचे कण आणि परके बी वेगळे केले जाते आणि ते भिंगाखाली ओळखले जाते. आदेशाच्या यादीतील घातक तणांपैकी एखाद्याचे बी आढळले तर अडचण सुरू होते, आणि निर्णय होईपर्यंत कंटेनरचे भाडे आयातदाराच्या डोक्यावर चढत राहते. कॅनडाहून मिथाइल ब्रोमाइडची धुरी न देता आलेल्या कडधान्यांना भारतात धुरी देऊन तपासणी शुल्काच्या पाचपट रक्कम भरण्याची वेळ आलेली आहे. या अटी सरकारही टंचाईत सैल करते, ही या व्यवस्थेची दुखरी बाजू: २००६-०७ मधील आयात गव्हाबरोबर परकी तणे आल्याने नंतर ती देशभर शोधत फिरण्याची मोहीम हाती घ्यावी लागली.

याखेरीज खाद्य बियांना अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा परवाना व मंजुरी लागते. शिल्लक टिकाऊपणा मंजुरीच्या वेळी ६० टक्के किंवा तीन महिने, यांपैकी जो कमी असेल तितका तरी असावा लागतो. खाद्य म्हणून उतरलेले तीळ वा धणे ‘बियाणे’ म्हणून विकणाऱ्याला १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाखालील परवान्याची अट आड येते. उलट दिशेची चूक अधिक भयंकर असते: १९७१-७२ मध्ये इराकमध्ये पाऱ्याच्या विषारी संयुगाची प्रक्रिया केलेला पेरणीचा गहू लोकांनी दळून खाल्ला आणि शेकडो माणसे दगावली. खाण्याचे बी आणि पेरण्याचे बी यांच्या सीमेवर मोड येतात. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय जिवाणूच्या साथीत पन्नासहून अधिक माणसे मरण पावली आणि तपासाचा माग इजिप्तहून आलेल्या, मोड आणण्यासाठी विकलेल्या मेथीपर्यंत पोहोचला; त्यानंतर युरोपीय संघाने अशा बियांसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र सक्तीचे केले.

खसखशीचे प्रकरण निराळे आहे, कारण ती अफूच्या बोंडातून निघते. तिच्या आयातीचे करार ग्वाल्हेरच्या केंद्रीय अमली पदार्थ कार्यालयाकडे नोंदवावे लागतात, तर संयुक्त अरब अमिरातीत ती प्रवासी सामानात सापडणेही गुन्हा ठरते. आखाती देशांत राहणाऱ्या मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांनी फराळाचा डबा भरताना हे ध्यानात ठेवावे.

२०२० च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने, अनेक देशांत न मागवता टपालाने येत असलेल्या बियांच्या संशयास्पद पाकिटांबाबत राज्यांना सावध केले होते. परदेशी संकेतस्थळावरून गच्चीवरील बागेसाठी मागवलेले पाकीट लहान असले तरी ते पेरणीचे बियाणेच असते आणि त्याला परवान्यातून सूट मिळत नाही. न मागवलेले पाकीट दारात आले तर ते कुंडीत पेरू नये, कचऱ्यातही टाकू नये. न उघडता जवळच्या कृषी कार्यालयात द्यावे.