बाहेरून आलेले नाव

मंचर-घोडेगावकडून भीमाशंकरला निघालेली गाडी डिंभे धरण मागे टाकून तळेघरला येते. हा बाळहिरड्याचा मुलूख. रानातून वेचून, वाळवून पोत्यात भरलेला हिरडा विकायला आला की पोत्यावर काय लिहिलंय ते वाचून काटा कुणी लावत नाही. पोतं उघडायचं, मूठभर माल हातावर घ्यायचा, ओलसर तर नाही ना ते बघायचं. संकेतस्थळांना जोडायच्या तयार सोयींमध्ये, म्हणजे प्लगइनमध्ये, वर्षानुवर्षं सापडत आलेला एक दोष म्हणजे पोतं न उघडता माल आत घेणं.

पीएचपी ही भाषा रासमुस लेरडॉर्फ यांनी 1995 मध्ये लोकांसमोर ठेवली. संकेतस्थळं बनवायचं वर्डप्रेस आणि त्याचे प्लगइन तिच्यावरच चालतात. तिच्यात 'इन्क्लूड' नावाची आज्ञा आहे: अमुक फाइल आण आणि इथेच चालव. सोय मोठी आहे. पानाचा माथा एकदा लिहिला की हजार पानांना जोडता येतो. घात होतो तो त्या फाइलचं नाव पाहुण्याने पाठवलेल्या मजकुरातून जसंच्या तसं उचललं की. दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ म्हणजे 'एक फोल्डर वर जा'. ही खूण पुन्हापुन्हा लिहीत माणूस ओसरीवरून थेट माजघरात पोचतो. दुसऱ्याच सर्व्हरवरची फाइल आणून चालवायला लावणं हा याचा थोरला भाऊ. त्याला आवर घालणारी कळ पीएचपी 5.2 ने 2006 मध्ये दिली आणि ती मुळातच बंद ठेवली.

2011 मधलं टिमथम्ब प्रकरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. चित्रं लहान करणारी ही छोटीशी फाइल असंख्य थीममध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या तयार साच्यांमध्ये, होती. फ्लिकरसारख्या ठरावीक ठिकाणांहूनच चित्र आणायचं, असा पहारा तिच्यात होता. पण ते नाव पत्त्यात कुठेही दिसलं तरी पहारेकरी वाट सोडायचा. स्वतःचं संकेतस्थळ फोडलं गेल्यावर मार्क माँडर यांनी ऑगस्टमध्ये हे भोक शोधून जाहीर केलं, आणि नुसतं बोट दाखवून न थांबता दुरुस्त आवृत्ती लिहायला हातही लावला.

2014 मध्ये रिव्होल्यूशन स्लायडर या प्लगइनची पाळी आली. चित्र मागण्याच्या वाटेने डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइलच बाहेर यायची. दुरुस्ती फेब्रुवारीतच झाली होती, पण गाजावाजा न करता. शिवाय हा प्लगइन अनेक थीमच्या पोटात बसून आलेला. मालकाला तो आपल्याकडे आहे हेच ठाऊक नसायचं. डिसेंबरात याच प्लगइनमधून 'सोकसोक' या मालवेअरची लागण पसरली आणि गूगलने 11 हजारांवर संकेतस्थळं काळ्या यादीत टाकली.

खरा उपाय जुना आणि साधा आहे. बाहेरून आलेल्या नावावर फाइल उघडायचीच नाही. प्लगइनने परवानगी असलेल्या फाइलींची यादी स्वतःपाशी ठेवायची आणि नाव त्या यादीशी तंतोतंत जुळलं तरच दार उघडायचं. पहारा अर्धवट असला तर काय होतं, ते टिमथम्बने दाखवलंच आहे.

भीमाशंकरच्या वाटेवर मुक्कामाची सोय करणाऱ्यांनी, शाळांनी, सहकारी संस्थांनी संकेतस्थळ एकदा करून घेतलं असेल, तर ज्याने ते केलं त्याला आजच फोन लावा. कोणते प्लगइन आहेत, थीमच्या पोटात कोणते दडलेत, शेवटची दुरुस्ती कधी झाली, हे लिहून मागा. वापरात नसलेला प्लगइन नुसता बंद करू नका, पुसून टाका. बंद प्लगइनच्याही फाइली सर्व्हरवर तशाच राहतात.