होडीमागची ट्यूब

नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरीचा जलाशय आहे. अशा पाण्यात मासेमारीच्या होडीमागे हवा भरलेली ट्यूब ओढायची, तर काय ध्यानात ठेवावे?

वेग दुप्पट केला, की पाण्याचा विरोध चौपटीपर्यंत वाढू शकतो. तो ताण दोरीवर येतो. ताणलेली नायलॉनची दोरी तुटली, तर चाबकासारखी उलटते. तिच्या रेषेत कोणी बसू नये. दोरी होडीच्या मागच्या टोकाला, मधोमध, खाली बांधावी. कडेला किंवा उंच बांधल्यास होडी कलंडू शकते. होडी वळली, तरी ट्यूब सरळ जाऊ पाहते आणि बाहेरच्या बाजूला सरकते. म्हणून वळताना काठ व खडक दूर हवेत.

ट्यूबवर बसणाऱ्याने जीवरक्षक जाकीट घालावे, दोरी अंगाला बांधू नये. पडलेल्याला उचलताना इंजिन बंदच हवे.

घमेल्यातील पाण्यात डबीचे झाकण दोऱ्याने ओढून, वळवून पाहा. ते कोणत्या बाजूला सरकते?